अर्धा चुडा

खैरुनचाची कशाकशाला भीत होती हे सांगण्यापेक्षा कशाला भीत नव्हती हे सांगणं सोपं. काचेला भीत नव्हती. बोट चिरलं तर पदराला पुसायची आणि पुढचं काकण उचलायची. बाकी कुत्री, बोकड, विजेचं बटण, डॉक्टरची सुई, मतं मागायला येणारी माणसं आणि आमच्या शिवाजी पेठेतला फुटबॉल, या सगळ्यांना ती एकाच मापानं भीत असे.

फुटबॉलचं एक वेळ समजू शकतो. तालमीच्या पोरांनी मारलेला एक जोरदार गोल तिच्या काकणांच्या पाटीत झाला होता. तेव्हापासून गल्लीत पोरं खेळत असली की चाची पाटीवर पोतं टाकायची आणि भिंतीला घासत घासत घर गाठायची. पण खाकीचं काय? पोलीस दिसला की ती रस्ता बदलायची. पोस्टमन दिसला तरी बदलायची. एस.टी.त कंडक्टर जवळ आला की डोळे मिटून पैसे पुढं करायची. मी हायस्कुलात एन.सी.सी.ला होतो. एकदा परेडहून तसाच तिच्या दारात गेलो आणि म्हटलं, "चाची, चहा टाक." आतून कडी लागली.

"अगं चाची, मी बाळासो!"

"वळखलं रे. जा, कपडं बदलून ये!"

तिचा नवरा इलाहीचाचा छत्र्या दुरुस्त करायचा. उन्हाळाभर रिकामा आणि त्यामुळं उन्हाळाभर गमतीत. म्हणायचा, "सासरा म्हणालता, पोरगी शांत हाय. शांत कुठली! मला बघून घाबरून गप बसलीती."

अशा या बाईचा धंदा मात्र गावोगाव हिंडायचा. काकणवाल्यांत गावं वाटलेली असतात. एकीच्या गावात दुसरी पाटी उतरवत नाही. चाचीला सासूकडून जी गावं आली ती नेमकी डोंगरातली. पन्हाळ्याच्या मागल्या अंगाला काही वाड्या, आणि खिंड ओलांडली की शाहूवाडीकडच्या काही. एस.टी.नं बांबवड्याला उतरायचं आणि पुढं डोक्यावर पाटी घेऊन चालायचं. वाडी म्हणजे उंबरे थोडे आणि कुत्री फार. चाची एका हातानं पाटी धरायची, दुसऱ्या हातात भाकरीचे तुकडे. कुत्र्यांना ते टाकत टाकत, "भावा, मी हाय, मी हाय" असं म्हणत ती गावात शिरायची.

"एवढी भितीस तर जातीस कशाला गं?" मी एकदा विचारलं.

"मी न्हाय गेलं तर पोरींचं हात मोकळं ऱ्हातील की रे."

आता चुड्याचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. लग्नाच्या पोरीला हिरवा चुडा भरायचा मान त्या त्या गावच्या काकणवालीचा. सोप्यात घोंगडं टाकतात. पोरगी आणि काकणवाली समोरासमोर बसतात. आधी डावा हात, मग उजवा. दोन्ही हात भरले की पोरगी काकणवालीच्या पाया पडते, मग उठते. त्या डोंगरातला नेम असा की एक हात भरलेला आणि दुसरा मोकळा असताना पोरीला घोंगड्यावरून उठवायचं नाही. उंबरा ओलांडणं तर लांबच. अर्ध्या चुड्यानं उठलेल्या पोरीचा संसार अर्धा राहतो, असं म्हाताऱ्या बाया सांगतात. चाची मुसलमान, पण हा नेम ती गावच्या बायांपेक्षा कडक पाळायची. का पाळतेस म्हणून विचारलं तर म्हणायची, "भ्या वाटतंय."

आणि आणखी एक. चुड्याच्या वेळी नवऱ्याकडच्या बाया हटकून भांडतात. "एवढीच काकणं? आमची सून काय भिकाऱ्याची हाय व्हय?" जास्त काकणं भरून घेण्यात त्यांचा मान. चाचीनं उभ्या जन्मात हे भांडण ऐकलं होतं. त्यामुळं ते कुठं झालं नाही तर तिच्या लक्षात राहायचं.

तानीच्या लग्नात ते झालं नाही.

तानी ही बायडाबाईची पोर. पन्हाळ्याच्या मागच्या एका वाडीत मायलेकी दोघीच राहायच्या. मोठ्या दुष्काळाच्या मागनं आलेलं ते वर्ष. तानीला मुंबईचं स्थळ आलं. नवरा मुलगा गिरणीत. हुंडा नको, मानपान नको, मांडवसुद्धा आम्हीच घालतो. मुलाचा मामा म्हणून गणपतराव नावाचे एक गृहस्थ आले होते. पांढरा टेरिलीनचा शर्ट, पायात बूट, बोलणं असं की म्हशीनंसुद्धा दूध वाढवून द्यावं. सकाळी हळद, दुपारी लग्न, लगेच जीपमध्ये बसून निघायचं. बरोबर बाई अशी एकही नव्हती. सगळ्या आजारी.

चाची चुडा भरत होती तेव्हा मामा दारात येऊन म्हणाले, "मावशी, काकणं बेतानं भरा. लांबचा प्रवास. वाजतात."

चाचीला नवल वाटलं. पण तिला वाटलं, माणूस समजूतदार आहे. घरी येऊन तिनं इलाहीचाचाला सांगितलंसुद्धा, "बघा, शिकल्यासवरल्याली माणसं कशी असत्यात. भांडान न्हाय, काय न्हाय."

नवऱ्याचं घर कुणी पाहिलं नव्हतं. ह्यावर आज कुणीही म्हणेल, अशी कशी माणसं? पण आमच्याकडं जो काहीच मागत नाही त्याला काही विचारणं म्हणजे त्याचा अपमान. हुंडा मागणाऱ्याची सात पिढ्यांची चौकशी होते. न मागणाऱ्याला 'तुमचं घर कुठं आहे' असं विचारायला जीभ रेटत नाही. त्या गणपतरावाला आमची ही लाज चांगली माहीत होती.

तानी पंचमीला माहेरी आली नाही. दिवाळीलाही आली नाही. बायडाबाईनं शाळेतल्या मास्तरांकडून पत्र लिहवून घेतलं, ते पत्ता सापडत नाही म्हणून परत आलं. त्यानंतर चाची त्या वाडीत गेली की बायडाबाई पाटी उतरवायलाही हात लावायची नाही, आधी विचारायची, "चाची, तुमी धा गावं फिरताय. माझी तानी कुठं दिसली व्हय?"

"न्हाय बाई."

"कोल्हापुरात मुंबईची माणसं येत्यात न्हवं? कुणाला तरी इचारा की."

चाची घरी येऊन जेवायची नाही. आमच्याकडं तेव्हा या प्रकाराला शब्दच नव्हता. लोक नुसतं म्हणायचे, पोरगी मुंबईला दिली. 'दिली' या शब्दावर सगळं भागायचं. चाची मात्र तेव्हापासून रात्री दाराला कडी लावून वर पाटाही टेकवायला लागली. इलाहीचाचा म्हणाला, "अगं, तुला कोण पळवून न्हेतंय? न्हेलं तर दुसऱ्या दिवशी परत आणून सोडंल." ती हसली नाही. 

दुसरं वर्ष उजाडलं. चैतात खिंडीच्या पलीकडच्या, म्हणजे शाहूवाडीकडच्या वाडीतून चाचीला बोलावणं आलं. आकाराम म्हणून एक भातशेतीवाला, त्याची बायको बनाबाई आणि थोरली पोरगी हौसा. हौसाचं लग्न. मुंबईचं स्थळ. चाचीला सांगितलं एवढंच की घाईचं आहे, सकाळच्या गाडीनं ये.

ती गेली. सोप्यात घोंगडं टाकलेलं होतं. हौसा बसलेली, अंगाला हळद, हात असे बारीक की चाचीला सगळ्यात लहान मापाचा जुडगा सोडावा लागला. जुडगा म्हणजे दोऱ्यात ओवलेली काकणं. दोन हातांचे दोन जुडगे. बाहेर हलगी घुमत होती. आकारामाची चुलती बयाबाई शेजारी बसून नातीची चेष्टा करत होती.

"हात सैल सोड की गं. काकणं भराय बसलीयास का पंजा लढवाय?"

चाचीनं डावा हात भरला. शेवटचं काकण चढवलं आणि उजवा हात हातात घेणार, तेवढ्यात मागनं आवाज आला.

"मावशी, काकणं बेतानं भरा. लांबचा प्रवास. वाजतात."

चाची सांगायची, "बाळासो, मी वर बघितलंच न्हाय. बघायची गरजच न्हवती. माझ्या हातातला त्या पोरीचा हात गार पडला म्हणून मी बघाय गेले, तर गार माझाच पडलाता."

मग तिनं वर पाहिलं. तोच पांढरा शर्ट, तेच बूट. फक्त इथं हा मामा नव्हता, मुलाचा काका होता. गणपतराव नव्हता, हंबीरराव होता.

 चाचीला ओरडावंसं वाटलं. आणि ओरडून सांगणार काय? मांडवात लोक बसलेले, हळद लागलेली. एक काकणवाली बाई, तीही परजातीची, नवऱ्याच्या काकाला चोर म्हणतेय. बनाबाईनंच आधी तिच्या तोंडावर हात ठेवला असता. हळद लागलेल्या पोरीचं लग्न मोडलं तर पुन्हा कोण करणार, ही भीती त्या घराला. आणि या माणसानं ओळखलं तर आपलं काय, ही भीती चाचीला.

तो माणूस तिच्याकडं बघत होता. काकणवालीच्या तोंडाकडं कुणी बघत नाही, हातांकडं बघतात. तो तोंडाकडं बघत होता.

"कुठल्या म्हणायच्या तुम्ही?"

"को... कोल्हापूरची."

"इकडं बऱ्याच गावांत फिरता वाटतं?"

"न्हाय बा. हीच वाडी. पलीकडं जात न्हाय. कुत्री लई."

बयाबाई खो खो हसली. "पावणं, ही आमची चाची कोंबडीला बी वाट सोडती! ही कुठली गावं फिरती?"

सगळ्या बाया हसल्या. तो माणूसही हसला आणि बाहेर गेला. जन्मभराच्या भित्रेपणाची साक्ष चाचीच्या बाजूनं पडली ती तेवढीच.

आता हौसाचा उजवा हात तिच्यापुढं होता. आणि उजव्या हाताचा जुडगा तिच्या मांडीपाशी. तो भरला की पोरगी उठणार, उठली की अक्षता, अक्षता पडल्या की जीप. चाचीनं काय केलं? विचार करून केलं असं ती कधीच म्हणाली नाही. तिनं पदराआड तो जुडगा उचलला, खाली ठेवला आणि त्याच्यावर बसली.

काकणं कडाकडा फुटली. हलगी वाजत होती म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही. लग्नघरात काकण फुटलं तर आमच्याकडं 'फुटलं' म्हणतसुद्धा नाहीत, 'वाढलं' म्हणतात, एवढा तो अपशकुन. इथं तर पोरीचा अख्खा हात वाढला होता, काकणवालीच्याच खाली. काच पातळातून आत गेली. चाचीनं ओठ आवळले.

"काकणं सपली," ती म्हणाली.

"सपली?" बनाबाई उडालीच. "पाटी भरून आणलीयास की!"

"ती मोठ्या मापाची. हिचा हात बारीक. ह्या मापाची एका हातापुरतीच निघाली."

"अगं बया! मग बघून आणायची न्हाईस?"

"चुकलं, आक्का."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बनाबाईला वाटलं, चुकलं म्हणून रडतेय. बाहेर गडबड झाली. हंबीरराव पुन्हा दारात. "काय अडलं? राहू द्या एक हात. मुंबईत भरू की. दुकानं काय कमी आहेत?"

तेव्हा बयाबाई उठून उभी राहिली. "मुंबईत तुमच्या म्हशीला भरा. आमची पोरगी आर्ध्या चुड्यानं उठायची न्हाय."

"आजी, मुहूर्त टळेल."

"टळू दे. दुसरा घावंल. मांडव काय पळून चाललाय?"

त्या माणसानं बनाबाईकडं पाहिलं, आकारामाकडं पाहिलं. दोघांनीही माना खाली घातल्या. चुलतीपुढं बोलायची त्या घरात पद्धत नव्हती. तो दात आवळून बाहेर गेला. त्या दोन क्षणांत चाचीनं आकारामाला जवळ बोलावलं आणि त्याच्या कानात सांगितलं, "दादा, खिंडीपलीकडं बायडाबाई हाय न्हवं, तिच्याकडं माझा ह्या मापाचा जुडगा ठेवलाय. तुमीच जावा. आनि म्हणावं, काकणं दुसऱ्याच्या हातात द्यायची न्हाईत. चाचीनं तुलाच बोलवलंय, तूच घेऊन ये."

बायडाबाईची वाडी रस्त्यानं फार लांब पडते. खाली बांबवड्याला उतरायचं, वळसा घालायचा, पुन्हा चढायचं. तालुकाही वेगळा. जीपमधून फिरणाऱ्या माणसाला वाटतं, ही दोन गावं एकमेकांना ओळखतसुद्धा नसतील. पायवाटेनं मात्र मधे एक खिंड. आकाराम अंगातली कोपरी सावरत मागच्या दारानं निघाला.

थोड्या वेळानं हंबीररावांनी विचारलं, "यजमान कुठं दिसत नाहीत?"

"काकणं आणाय गेलाय," बयाबाई म्हणाली.

"कुठं?"

बयाबाईनं तोंड उघडलं, पण त्याआधी चाचीच्या तोंडून निघून गेलं, "बांबवड्याला. बाजारात."

बयाबाईनं तिच्याकडं वळून पाहिलं. चाचीनं खालून म्हातारीचं पाऊल घट्ट धरलं. म्हातारी तशी बोलभांड, पण ती पकड तिला कळली असावी. ती एकदम पान लावायला बसली.

"बांबवड्याला? चालत? संध्याकाळ होईल!" हंबीरराव बाहेर जाऊन ओरडले, "अरे, जीप घेऊन जा. वाटेत ते भेटतील, त्यांना बसव, काकणं घे आणि लगेच ये."

जीप धुरळा उडवत खाली गेली.

पुढं लोकांनी या गोष्टीसाठी चाचीची फार वाहवा केली. बाई काय हुशार, गाडीच पळवून लावली! चाची म्हणायची, "कसली हुशारी? खोटं बोलायचं हुतं, आनि मला दुसऱ्या गावाचं नावच सुचंना."

मग वाट बघणं. चाची घोंगड्यावर, समोर हौसा. एका हातात हिरवा चुडा, दुसरा मांडीवर मोकळा. हौसाला काहीच माहीत नव्हतं. ती हळूच म्हणाली, "चाची, मुंबईला समुद्र आसतोय न्हवं? त्यो म्हणत्यात रात्री बी वाजतोय."  चाचीचं पातळ मागनं ओलं होत होतं. तो माणूस दर थोड्या वेळानं दारात यायचा. एकदा आत येऊन घोंगड्याच्या कडेला उभा राहिला. त्याच्या बुटाचं टोक चाचीच्या गुडघ्याला लागत होतं.

"मावशी, जरा उठा बघू. तुमच्याखाली तर नाही ना काकणं?"

चेष्टेनंच म्हणाला तो.  बयाबाई पानाला चुना लावत म्हणाली, "पावणं, चुड्याच्या घोंगड्यावर बापय मानूस येत न्हाय. बूट घालून तर न्हाईच न्हाई. व्हा भायेर."

तो गेला. पण आता दारातून हलेना. चाचीला वाटलं, आकारामाला बायडाबाई भेटली नसेल. शेतात गेली असेल. जीप आधी येईल. जीप येईल आणि आकाराम बांबवड्यात नव्हताच हे सांगेल, आणि मग हा माणूस घोंगड्यावर येईल तो म्हातारीच्या सांगण्यानं जायचा नाही. तिनं हौसाचा मोकळा हात धरला आणि कलमा म्हणायला सुरुवात केली. मधेच विसरली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

आणि डोंगरावरून हाक आली.

"चाची! ओ चाची!"

बायडाबाई पळत येत होती. अनवाणी, पदर खांद्यावरून सुटलेला, आकाराम मागं पडलेला. चाचीनं तिच्याकडं कधी काकणं ठेवलीच नव्हती, हे बायडाबाईला पक्कं माहीत होतं. मग चाचीनं बोलवलंय ते कशासाठी? तिच्या जिवाला एकच गोष्ट माहीत होती.

"चाची, तानी घावली व्हय? माझी तानी घावली?"

हलगीवाल्याचा हात थांबला. बायडाबाई मांडवात शिरली आणि दारातल्या माणसासमोर उभी राहिली. चाची म्हणते, त्या वेळी बायडाबाईच्या तोंडावर जे आलं ते तिला आजही झोपेत दिसतं. राग नाही. आनंद. ती त्या माणसाच्या पायाच पडली.

"मामा! तुमीच आलाय व्हय! माझी तानी बरी हाय न्हवं? तिला का आणली न्हाईसा?"

 बनाबाई दारात आली होती. ती म्हणाली, "बायडाबाई, ह्ये मामा न्हवं. ह्ये आमच्या जावयाचं काका, हंबीरराव."

"आवो न्हाय, गणपतराव मामा! माझ्या तानीचं मामासासरं. मी माझ्या हातानं ह्यांचं पाय धुतल्यात."

"बाई, तुमची काहीतरी चूक होतेय," तो म्हणाला. म्हणताना त्याची नजर जीप उभी होती त्या जागेकडं गेली. तिथं चाकांच्या खुणा होत्या.

बायडाबाई त्याचे पाय धरूनच होती. तिनं वर पाहिलं, मग सोप्यात बसलेल्या हळदीच्या पोरीकडं पाहिलं. मग तिला समजलं. ती ओरडली नाही. तिनं फक्त त्याचे पाय आणखी घट्ट धरले.

त्यानं पाय झाडले आणि पळाला. भाताच्या खाचरांवरून पळाला. पण चैतातली खाचरं, ढेकळं ही अशी, आणि बूट घातलेला माणूस. डोंगरातल्या पोरांनी त्याला पहिल्या ओढ्याच्या अलीकडंच पाडलं. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव मात्र जागचा हलला नाही. तोंड झाकून रडत बसला. तो कुठल्या गिरणीतला नव्हता, कुठल्याशा लॉजवर कपबशा धुणारा पोरगा होता. पोलीस पाटलानं विचारलं, "ह्ये तुझं कितवं लगीन?" तर म्हणाला, "मोजली न्हाईत. मला फक्त उभं ऱ्हायाचं असतंय."

सगळी त्या गडबडीत बाहेर गेली तेव्हा हौसा म्हणाली, "चाची, उठा की." चाचीला उठता येईना. घोंगडं लाल झालं होतं. तिला बैलगाडीत पालथं झोपवून मलकापूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी काचा काढल्या, टाके घातले. सुईला भिणाऱ्या चाचीनं हूं की चूं केलं नाही. डॉक्टरांना वाटलं, बाई मोठी धीराची. ती शुद्धीवरच नव्हती.

पुढं ठाण्यात जबाब द्यायचा होता. इलाहीचाचा सोबत गेला. चाचीनं उंबऱ्यावर त्याचा सदरा असा धरला की तो फाटला. फौजदार म्हणाले, "बसा बाई." ती उभीच. "अहो बसा, घाबरू नका." तरी उभीच. इलाहीचाचा म्हणाला, "साहेब, तिला बसता येत न्हाय. बसली म्हणून तर ही केस झाली." समोर इतकी खाकी होती की चाची सगळा जबाब डोळे मिटून बोलली. पण बोलली. गणपतराव, हंबीरराव, दोन्ही लग्नं, काकणं बेतानं भरा, सगळं.

तानी मिळाली नाही. त्या नवरदेव पोरानं एका शहरातल्या गल्लीचं नाव सांगितलं. पोलीस गेले. तिथल्या बायांनी सांगितलं, अशी पोरगी होती, पण तिला पुढं पाठवलं. पुढं म्हणजे कुठं, ते कुणाला माहीत नव्हतं, की सांगायचं नव्हतं, देव जाणे. बायडाबाई अजून विचारते. चाची अजून 'न्हाय बाई' म्हणते. तिच्या पाटीच्या तळाशी फडक्यात बांधलेला हिरव्या काकणांचा एक जुडगा असतो. तानीच्या मापाचा. गिऱ्हाइकानं मागितला तरी ती तो देत नाही.

हौसाचा डावा हात महिनाभर तसाच हिरवा होता. उजवा दोन वर्षांनी भरला. पलीकडच्याच वाडीतला नवरा, घर बनाबाई स्वतः जाऊन बघून आली. त्या दिवशी चाचीनं आधी उजवा हात भरला, मग डावा. बयाबाईनं त्यालाही हरकत घेतली नाही.

तेव्हापासून चाचीला एक खोड लागली. कुठंही चुडा भरायला बसली की डावा हात भरून थांबायची आणि पोरीच्या आईला विचारायची, "नवऱ्याचं घर कुणी बघितलंय?" बघितलं असेल तर उजवा हात. नसेल तर काकणं सपली. लोक वैतागायचे. काहींनी दुसरी काकणवाली बोलवायचा घाट घातला, पण गावं चाचीची, दुसरी येईना.

यात मीही सापडलो. माझं लग्न ठरलं ते जवळच्याच वडणग्याच्या मुलीशी, आणि तिथल्या काकणवालीनं माझ्या लग्नापुरता मान सोडला म्हणून चुडा भरायला कोण, तर माझ्याच भिंतीला भिंत लागून राहणारी खैरुनचाची. मी निर्धास्त. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी दाढी करत बसलो होतो, तर दारात सायकल थांबली. कॅरिअरवरून माझी होणारी सासू उतरली. आईच्या हातातलं भांडंच पडलं.

"घर बघाय आलोय," सासूबाई म्हणाल्या. भावानं सायकल मारत आणलं होतं. लेक तिकडं घोंगड्यावर बसली होती, एक हात भरून.

त्यांनी दोन्ही खोल्या बघितल्या. न्हाणी बघितली. नळाला पाणी कधी येतं ते विचारलं. मग गल्लीत जाऊन छत्री उघडून बसलेल्या इलाहीचाचाला विचारलं, "ह्यो पोरगा हितंच ऱ्हातोय न्हवं?"

"हितंच की," चाचा म्हणाला. "दुसरीकडं कोण ठिवून घेतंय त्याला?"

सासूबाईंचं समाधान झालं. त्या पुन्हा कॅरिअरवर बसल्या.

संध्याकाळी चाची परत आली. मी तिला गल्लीतच गाठलं. "चाची, माझं घर तू रोज बघतीस की गं. माझ्यावर बी संशय?"

"मी बघते रे. पोरीच्या आईनं कुठं बघितलंतं?"

"अगं पण लगीन मोडलं असतं तर?"

"त्येचंच भ्या वाटत हुतं," ती म्हणाली.  "इचारताना लई भ्या वाटलं बघ. तुझी आई काय म्हणंल, तू काय म्हणशील..."

"मग इचारलंस कशाला?"

तिनं पाटी खाली घेतली, तळातलं फडकं सारखं केलं.  पलीकडं पोरांनी फुटबॉल काढला होता. चाचीनं पाटीवर पोतं टाकलं आणि भिंतीला घासत घासत घराकडं गेली.